तबकडीची सुई निवडताना

गेल्या काही वर्षांत एक गोष्ट आपल्या गावोगावी दिसू लागली आहे. माळ्यावर पडून राहिलेली ध्वनिमुद्रिकांची खोकी खाली उतरत आहेत. मधल्या काळात कॅसेट आली आणि गेली, सीडी आली आणि मागे पडली, आणि आता तर गाणे खिशातल्या फोनमध्ये येऊन बसले आहे. असे असूनही तबकडीचे वेड संपले नाही. उलट नव्या तबकड्या निघत आहेत आणि जुन्यांना जुन्या बाजारात चांगली किंमत येत आहे. ज्यांच्या घरी आजोबांनी जमवलेली नाट्यपदे आहेत, वडिलांनी पगारातून पैसे वाचवून घेतलेल्या सिनेमाच्या लाँगप्ले आहेत, ती माणसे आता यंत्र शोधू लागली आहेत. यंत्र मिळाले की पहिला प्रश्न येतो तो असा : "सर्वांत चांगली सुई कोणती?"

आमचे म्हणणे असे की हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. आम्ही पदार्थविज्ञानाचे पदवीधर नाही. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात, जोडाऱ्यांच्या संगतीत आणि रात्री वाचलेल्या पुस्तकांत झाले. पण जोडाऱ्याला "सर्वांत चांगला नट कोणता?" असे कोणी विचारले तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, "आधी बोल्ट दाखवा." सुईच्या बाबतीत आम्हाला एवढेच सांगावयाचे आहे, आणि ते का, याचा उलगडा आपल्यापुढे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपण ज्याला सैलपणे "सुई" म्हणतो त्यात तीन वस्तू आहेत. अगदी टोकाला हिऱ्याचा एक कण असतो. तो एका बारीक दांडीच्या टोकावर बसवलेला असतो आणि ती दांडी मागच्या बाजूला रबराच्या छोट्या गादीत रोवलेली असते. हे सर्व ज्या डबीत असते, आणि जिच्यात हालचालीची वीज होते, ती डबी म्हणजे कार्ट्रिज. ही डबी ज्या लांब दांड्याच्या टोकाला स्क्रूंनी बसते तो टोनआर्म. त्याला आपण येथे नुसते आर्म म्हणू. तबकडी ज्या थाळीवर फिरते ते टर्नटेबल.

जुन्या चावीच्या ग्रामोफोनात एवढी भानगड नव्हती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून पुढे कित्येक दशके आपल्याकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी चालली. ती लाखेची. ती लाख छोटा नागपूरच्या रानांतून गोरगरिबांनी गोळा केलेली असे, आणि आपल्याच देशातून जगभरच्या तबकड्यांच्या कारखान्यांना जात असे. त्या लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. ती पोलादी सुईला पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची करी. म्हणून तर दर बाजूला नवी सुई लावावी लागे. वरचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक भार सुईवर टाकी. म्हणजे ती व्यवस्थाच अशी होती की सुईने झिजावे आणि तबकडीने टिकावे.

१९४८ साली लाँगप्ले तबकडी बाजारात आली आणि हे सगळे उलटे झाले. तबकडी मऊ प्लॅस्टिकची झाली, खाच केसासारखी बारीक झाली, फेऱ्या मिनिटाला ३३⅓ वर आल्या. १९५८ पासून स्टीरिओ तबकड्या विकल्या जाऊ लागल्या. तेव्हापासून खाचेच्या एका भिंतीत डावा आवाज आणि दुसऱ्या भिंतीत उजवा आवाज कोरला जाऊ लागला. आता टोकाला हिरा आहे आणि खाली मऊ प्लॅस्टिक. झिजेल ती तबकडी. म्हणून भार शंभर ग्रॅमवरून दीड-दोन ग्रॅमवर आणावा लागला, आणि येथून जुळणीचा प्रश्न सुरू झाला.

टोकाने हलावे, डबीने स्थिर राहावे

कार्ट्रिजचे काम काय, ते नीट पाहू. खाचेच्या भिंतीवर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके बारीक चढउतार असतात. हिऱ्याच्या टोकाने ते सर्व चढउतार जसेच्या तसे गिरवावयाचे. मात्र डबीने त्या वेळी अजिबात हलावयाचे नाही. कारण टोक आणि डबी यांच्या हालचालीतील जो फरक, त्याचीच वीज होते. दोन्ही एकदमच हलली तर फरक उरला नाही आणि आवाजही उरला नाही.

परंतु डबी खिळ्याने ठोकून ठेवावी तर तेही चालत नाही. तिला खाचेबरोबर हळूहळू आत मध्याकडे सरकावयाचे आहे. शिवाय कोणतीही तबकडी अगदी सपाट नसते. उन्हाने, वर्षानुवर्षे एकावर एक ठेवल्याने ती थोडी वाकते. तो उंचवटा आला की डबीने वर जावे, उतार आला की खाली यावे. म्हणजे डबीने मंद हालचाली मानाव्यात आणि वेगवान हालचालींना दाद देऊ नये. ही निवड डबी कोणत्या बुद्धीने करते?

ती बुद्धी म्हणजे वजन आणि स्प्रिंग. एका मऊ स्प्रिंगला जड दगड टांगा. स्प्रिंगचे वरचे टोक सावकाश वरखाली करा, दगड तुमच्याबरोबर वरखाली होईल. तेच टोक भराभर हलवा, दगड जागचा ढळणार नाही. या दोहोंच्या मध्ये एक वेग असा आहे की त्याने हलवले असता दगड तुमच्यापेक्षाही जास्त उसळ्या मारतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का देत गेले की तो आढ्याला लागतो, तोच हा प्रकार. शास्त्रात याला अनुनाद म्हणतात. येथे स्प्रिंग म्हणजे दांडीच्या मुळाशी असलेली रबराची गादी; आणि दगड म्हणजे कार्ट्रिज व आर्म मिळून होणारे वजन. आर्म कोणताही घ्या, कार्ट्रिज कोणतेही घ्या, हा अनुनाद टळत नाही. तो कोठे यावा एवढेच आपल्या हाती आहे.

तो कोठे यावा? तबकडी एका सेकंदाला अर्ध्या फेरीहून किंचित जास्त फिरते. तिच्या वाकडेपणामुळे होणारी हालचाल सेकंदाला अर्ध्यापासून सहा-सात कंपनांपर्यंत असते. घरात कोणी चालले की जमीन हादरते, तीही याच टापूत. दुसऱ्या बाजूला संगीत सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून वर सुरू होते. मध्ये जी मोकळी जागा राहिली त्यात अनुनाद आणून बसवावयाचा. म्हणून सेकंदाला ८ ते १२ कंपने, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झ, हा पट्टा सोयीचा मानतात.

हिशेब

हा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो. त्याला दोन आकडे लागतात.

पहिला आकडा वजनाचा. आर्मच्या माहितीपत्रकात त्याचे प्रभावी वस्तुमान ग्रॅममध्ये दिलेले असते. हे तराजूवरचे वजन नव्हे. लांब काठी हातात धरली तर मुठीजवळ बांधलेली पिशवी जाणवत नाही, पण तीच टोकाला बांधली तर काठी वळवणे जड जाते. तसेच येथे, आर्मच्या कण्यापासून जे दूर ते जास्त मोजले जाते. कार्ट्रिज तर अगदी टोकाला बसते. म्हणून त्याचे आणि स्क्रूंचे वजन पूर्णच्या पूर्ण या आकड्यात मिळवावयाचे.

दुसरा आकडा रबराच्या गादीच्या लवचिकतेचा. कार्ट्रिजच्या कागदावर तो "कॉम्प्लायन्स" या नावाने दिलेला असतो. आकडा पाच-सहा असला तर गादी ताठ, पंधराच्या आसपास असला तर मध्यम, पंचवीस-तीस असला तर फार मऊ.

या दोहोंचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि १५९ ला त्याने भागावे. जो भागाकार येईल तो अनुनाद, हर्ट्झमध्ये.

उदाहरणे घेऊ. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ साली निघाले आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या जगभर पसरल्या. त्याच्या आर्मचे प्रभावी वस्तुमान १२ ग्रॅम. त्यावर साडेसहा ग्रॅमचे, १५ लवचिकतेचे मध्यम कार्ट्रिज लावले, अर्धा ग्रॅम स्क्रूंचा धरला, तर एकूण १९ ग्रॅम. १९ गुणिले १५ म्हणजे २८५, वर्गमूळ १६.९, भागाकार ९.४. जोडी जमली.

आता तेच मध्यम कार्ट्रिज काढून एक महाग, फार मऊ, ३० लवचिकतेचे आणि ६ ग्रॅमचे कार्ट्रिज एखाद्या जुन्या जड आर्मवर बसवू. तो आर्म २० ग्रॅमचा धरला तर एकूण साडेसव्वीस, गुणाकार ७९५, वर्गमूळ २८.२, भागाकार ५.६. ही जोडी फसली. हा अनुनाद नेमका वाकड्या तबकडीच्या आणि पावलांच्या टापूत पडला. अशा जोडीत स्पीकरचा पडदा विनाकारण धापा टाकताना दिसतो, सुईवरचा भार क्षणाक्षणाला कमीजास्त होतो आणि कोणी शेजारून चालले की सुई उडी मारते. हेच महाग कार्ट्रिज ६ ग्रॅमच्या हलक्या आर्मवर लावले असते तर भागाकार ८.२ आला असता आणि ते उत्तम वाजले असते. कार्ट्रिज तेच, किंमत तीच, फरक फक्त सोबतीचा.

उलट उदाहरणही घेऊ. जपानच्या डेनॉन कंपनीचे डीएल-१०३ हे कार्ट्रिज तेथील एनएचके या नभोवाणी संस्थेच्या कामासाठी १९६० च्या दशकात तयार झाले, आणि आजही लोक ते आवडीने घेतात. वजन साडेआठ ग्रॅम, लवचिकता ५. बारा ग्रॅमच्या आर्मवर हिशेब केला तर साडेपंधरा येतात, आणि माणूस घाबरतो. पण येथे एक मेख आहे. जपानी कारखाने लवचिकता बहुधा १०० हर्ट्झवर मोजून देतात, आणि आपल्या हिशेबाला ती १० हर्ट्झवरची हवी. तेव्हा जपानी आकड्याची दीडपट ते दुप्पट धरण्याचा प्रघात आहे. तसे केले तर उत्तर ११ ते १२.७ च्या दरम्यान येते, म्हणजे पट्ट्याच्या वरच्या काठावर. आर्म २० ग्रॅमचा असेल तर ते सव्वानऊ ते पावणेअकरा होते. म्हणूनच जाणकार हे कार्ट्रिज जड आर्मवर, किंवा जड हेडशेलमध्ये, बसवतात. ताठ गादी आणि हलका आर्म एकत्र आले की अनुनाद संगीताच्या उंबरठ्यावर येतो आणि डग्ग्याचा, पखवाजाचा घुमारा फुगल्यासारखा वाटतो.

हा हिशेब अगदी काटेकोर नसतो. सात किंवा तेरा आले म्हणून कार्ट्रिज फेकून देऊ नये. पाच किंवा अठरा आले तर मात्र खरेदीचा विचार सोडून द्यावा.

हलका भार म्हणजे चांगला भार नव्हे

दुसरी एक समजूत फार रुजलेली आहे. तबकडी झिजू नये म्हणून सुईचा भार जितका कमी तितका बरा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः भार कमी पडला की मोठ्या आवाजाच्या जागी टोक खाचेच्या भिंतीवर नीट टेकत नाही. ते सुटते आणि परत येऊन भिंतीवर आदळते. ही प्रत्येक आदळ म्हणजे एक कायमची जखम. कारखान्याने भाराची जी मर्यादा दिली असेल, समजा दीड ते दोन ग्रॅम, तिच्या मध्यावर किंवा मध्याच्या किंचित वर भार ठेवावा. तो अंदाजाने न ठेवता तोलून ठेवावा; त्यासाठी मिळणारा छोटा काटा कार्ट्रिजच्या मानाने स्वस्त असतो. खरेदीपूर्वी आणखी एक पाहावे. आर्मच्या मागचे सरकते वजन त्या कार्ट्रिजला तोलू शकते की नाही? फार जड किंवा फार हलके कार्ट्रिज कधीकधी तोललेच जात नाही.

बसवताना दोन स्क्रूंमधले अंतर साडेबारा मिलिमीटरच्या जवळ, नेमके १२.७ मिलिमीटर, असते. ते बहुतेक सर्वत्र सारखे. पण स्क्रूंच्या खाचेत कार्ट्रिज पुढेमागे सरकते आणि ते कोठे पक्के करावे हे महत्त्वाचे. आर्म कण्याभोवती फिरत असल्यामुळे सुई सगळीकडे खाचेशी अगदी सरळ राहू शकत नाही. मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटर या दोन ठिकाणी ती सरळ राहावी अशी एक प्रचलित मांडणी आहे. त्यासाठी आखणीचा कागद मिळतो. अर्धा तास खर्च करून ती आखणी साधली की बाजूच्या शेवटच्या गाण्यातील "स" आणि "श" फाटत नाहीत. हजारो रुपयांचे कार्ट्रिज वाकडे बसवून ऐकण्यापेक्षा साधे कार्ट्रिज सरळ बसवून ऐकलेले बरे.

कोणती तबकडी, कोणता अँप्लिफायर

जुळणी केवळ आर्मशी करून भागत नाही. आपल्या खोक्यात काय आहे ते पाहावे. ७८ च्या तबकडीची खाच रुंद. तिला सुमारे ०.०७५ मिलिमीटर त्रिज्येचे टोक लागते. लाँगप्लेचे गोल टोक ०.०१८ मिलिमीटरच्या आसपास. बारीक टोक ७८ च्या खाचेत तळाशी जाऊन धूळ ढवळते आणि खरखर ऐकवते. जाड टोक लाँगप्लेवर ठेवले तर खाचेचा सत्यानाश होतो. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या, त्यामुळे एकाच घरात दोन्ही असणे साहजिक आहे. अशा घराने दोन टोके ठेवावीत. पुष्कळ कार्ट्रिजमध्ये पुढची सुई ओढून काढता येते आणि त्याच डबीवर ७८ ची सुई चढवता येते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर प्लॅस्टिकची तबकडी कधीही, कौतुकापुरतीसुद्धा, वाजवू नये.

विजेची बाजू थोडक्यात सांगतो. ज्यात चुंबक हलतो ते कार्ट्रिज साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट देते आणि अँप्लिफायरच्या नेहमीच्या फोनो तोंडाला, ज्याचा रोध ४७ हजार ओहम असतो, सरळ जोडता येते. ज्यात वेटोळे हलते ते बहुधा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेच देते. डीएल-१०३ चे ०.३ मिलिव्होल्ट. त्याला मध्ये आणखी एक वर्धक किंवा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याचा खर्च वेगळा. शिवाय त्याची सुई झिजली की बहुधा सबंध कार्ट्रिज बदलावे किंवा कारागिराकडे पाठवावे लागते. चुंबकाच्या प्रकारात नुसती सुई बदलता येते. हिऱ्याचे टोक पाचशे ते हजार तास टिकते असे धरतात. रोज एक तास ऐकणाऱ्याचे वर्षाला ३६५ तास होतात. म्हणजे दीड ते पावणेतीन वर्षांत सुई बदलणे आले. तेव्हा खरेदीच्या दिवशीच विचारावे, की हिची नवी सुई मिळते काय आणि केवढ्याला? अमेरिकेच्या शूअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज करणे बंद केले. तिच्या जुन्या डब्या घरोघर आहेत आणि जपानमधील जिको हा कारखाना त्यांच्यासाठी सुया करतो म्हणून त्या चालू आहेत. ज्याची सुई मिळत नाही ते कार्ट्रिज कितीही नामांकित असले तरी निरुपयोगी.

पैसा कोठे घालावा

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कामगाराने फंडाच्या पैशांतून एक महाग कार्ट्रिज घेतले. यंत्र जुने, आर्म जड. नातवंडे खोलीत आली की सुई नाचू लागे. दुकानदाराने त्यांना किंमत सांगितली, नाव सांगितले. आर्म कोणता हे मात्र विचारले नाही. पुढे त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचे मध्यम कार्ट्रिज लावल्यावर तेच यंत्र शहाण्यासारखे वाजू लागले. बाजार आपल्याला वस्तू एकेकटी दाखवतो आणि एकेकटीची किंमत करतो. पण काम एकेकटी वस्तू करीत नाही. जोडी काम करते. हे सत्य यंत्रांना लागू आहे तसे माणसांनाही आहे, हे चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने निराळे सांगावयास नको.

म्हणून क्रम असा धरावा. आधी आपल्या तबकड्या पाहाव्यात. मग आर्मचे वस्तुमान शोधावे. मग अँप्लिफायरला कोणते तोंड आहे ते पाहावे. या तिहींत जी कार्ट्रिजे बसतील त्यांतून, जिची सुई पुढेही मिळेल अशी, आपल्या खिशाला झेपेल ती घ्यावी. किमतीचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो, सर्वांत आधी नाही. भार तोलण्याचा काटा, आखणीचा कागद आणि ७८ ची एक चांगली सुई या वस्तू वर्षातून थोड्याच वेळा लागतात. त्या प्रत्येकाने घेण्याचे कारण नाही. गावच्या वाचनालयाने किंवा मंडळाने एक संच घेऊन ठेवावा आणि ज्याला हवा त्याने सही करून न्यावा.

कोणी म्हणेल, एका सुईसाठी एवढी यातायात कशाला? गाणे तर फोनवरही मिळते. काही गाणी मिळतात, हे खरे. पण त्या खोक्यांत अशाही तबकड्या आहेत, की ज्यांच्यावरून अजून कोणी प्रत काढलेली नाही. गावच्या एखाद्या गायकाची एकुलती एक तबकडी, एखाद्या शाहिराचा पोवाडा, मोडलेल्या नाटक मंडळीतील एखादे पद. त्यांचे मूळ साचे राहिले असतीलच असे नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या पुष्कळ घरी होत्या म्हणून त्यांचा आवाज टिकला. ज्याच्या तबकड्या थोड्याच निघाल्या त्याचा आवाज तुमच्या माळ्यावरच्या एका खाचेत शिल्लक असू शकतो. चुकीची सुई दर वाजवणीला त्या खाचेची भिंत थोडी थोडी तासते. आणि जे तासले गेले ते जगातला कोणताही कारखाना परत भरून देऊ शकत नाही. तेव्हा ज्याच्या घरी असे खोके असेल त्याने तबकडी लावण्यापूर्वी एकदा कागद-पेन्सिल घेऊन तो लहानसा भागाकार करावा, आणि मगच सुई खाली ठेवावी.